बाभूळ गप्प झाला तो उन्हाळा

काल कूलरच्या ताट्या बदलून घेतल्या. नागपुरात होळी आटोपली की मनीषनगरच्या रस्त्याकडेला ताटीवाले येऊन बसतात. एका बाजूला लाकडी किसाच्या पिवळट ताट्या, दुसऱ्या बाजूला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, तपकिरी. मी दरवर्षी खसच्याच घेते आणि दरवर्षी आई म्हणते की साध्या घेतल्या असत्या तरी चाललं असतं. ताट्या बसवून झाल्या, पंप सुरू केला, पाणी वरून झिरपत खाली उतरलं आणि पंख्याच्या पहिल्या झोतासरशी खोलीभर तो ओला, मातकट वास पसरला. खुर्चीत बसलेली आई म्हणाली, "येते वं वास."

मी काही विचारलं नव्हतं. पण आमच्या घरात कूलर सुरू झाला की हे वाक्य येतंच. मीही मग "मलेही येते" असं उत्तर देते आणि आम्ही दोघी आपापल्या कामाला लागतो. तिऱ्हाईत कोणी ऐकलं तर त्याला वाटेल, या मायलेकींचं डोकं फिरलं आहे. तसं काही नाही. एका उन्हाळ्यात लागलेली सवय आहे, ती सुटली नाही इतकंच.

तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा. नाकाला वास येणं ही त्या दिवसांत मोठी बातमी होती. आमच्याकडे थर्मामीटर होता, बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र होतं, पण आईचा भरवसा कूलरवर. सकाळी उठली की चूळ भरायच्या आधी ती कूलरपुढे उभी राहायची, डोळे मिटायची आणि एक लांब श्वास घ्यायची. मी स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी. ती "येते" म्हणाली की माझ्या जिवात जीव यायचा. मग माझी पाळी. दोघींना आला म्हणजे चहा टाकायचा. नंतर कळलं की आमच्या बिल्डिंगमध्ये बरेच जण असंच करायचे. शेजारच्या वहिनी तर फोनवर "कशा आहात?" असं न विचारता सरळ "खस येऊन राहिली ना?" असं विचारायच्या.

कूलरचा आणखी एक उपयोग होता. तो मोठ्यानं घरघरतो. एरवी त्या आवाजाला मी कंटाळते, पण त्या महिन्यांत तो आवाज हवासा वाटायचा, कारण त्याच्या आड वर्धा रोडवरच्या अँब्युलन्स ऐकू येत नसत. दुपारी लाईट गेली आणि कूलर थांबला की एकदम सगळं ऐकू यायचं. एक जवळ येते आहे, एक लांब जाते आहे, तिसरी कुठेतरी अडकली आहे. आई हातपंख्यानं वारा घेत बसायची आणि म्हणायची, "लाईट येऊ दे वं लवकर." उकाड्यामुळे म्हणते आहे असं आम्ही दोघी दाखवायचो.

कॉलेज बंद होतं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सकाळी मोबाइलसमोर बसून तास घ्यायचे, मुलांचे कॅमेरे बंद, कोण ऐकतं आहे आणि कोण झोपलं आहे हे देवाला ठाऊक. दुपार मात्र माझी असायची. पडदे ओढलेली अंधारी खोली, टेबलावर पन्ह्याचा पेला आणि समोर उघडलेला तो ज्ञानकोश. इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश कोणीही वाचावा आणि कोणीही लिहावा असा आहे. लिहिणाऱ्याला दमडी मिळत नाही, नावही मिळत नाही, कारण बहुतेक जण टोपणनावानं लिहितात. मिळते ती चुका दाखवणाऱ्यांची शेरेबाजी. माझ्यासारख्या मास्तरणीला हा व्यवहार पसंत पडला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या, आता माझ्या वहीत कोणीतरी मारत होतं.

इंग्रजीत त्या रोगाविषयी पानंच्या पानं होती. मराठीत लिहिणारे आम्ही मूठभर. पण आमची मावशी इंग्रजी वाचत नाही. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, कळमेश्वरला राहते. तिचा मुलगा तिथल्या कंपनीत कामाला, तो ड्युटीवर गेला की ही दिवसभर फोन घेऊन बसायची आणि त्यात जे जे येईल ते खरं मानायची. गरम पाण्यात लिंबू, नाकात लिंबू, कांद्यावर मीठ. एकदा तिचा फोन आला, "रजू, तुमच्या त्या पानावर लिवलं हाय का गरम पाण्यानं जाते म्हून?" मी म्हटलं, नाही लिहिलं. ती म्हणाली, "मंग मी काहून पिऊन राहिली?" त्या दिवसापासून मी जे लिहायचे ते मावशी वाचणार आहे असं समजून लिहायचे. मग वाक्य आपोआप छोटं होतं, आणि खोटं लिहायला हात धजत नाही.

आमच्या या मूठभरांत एक होता बाभूळ. हे त्याचं टोपणनाव. खरं नाव, वय, धंदा काही माहीत नाही. स्वतःची ओळख करून द्यायला ज्ञानकोशात प्रत्येकाला एक पान मिळतं, त्यावर त्यानं तीनच शब्द लिहिले होते: विदर्भ, वाचन, शंका. आणि या तिसऱ्या शब्दावर तो जगत होता. तुम्ही कितीही सुंदर वाक्य लिहा, त्याच्या पाठीमागे छापील, तपासता येईल असा आधार नसेल तर थोड्याच वेळात त्या वाक्यापुढे चौकटी कंसात दोन शब्द येऊन बसायचे: संदर्भ हवा. आणि आधार काही केल्या मिळाला नाही, तर वाक्यच जायचं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी त्याचा मनापासून राग करायचे.

आमचं सगळ्यात मोठं भांडण स्मशानघाटावरून झालं. आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी गेले. त्यांची बायको आणि मुलगी यांना माझ्या गाडीतून मी घाटापर्यंत नेलं. आत जाऊ देत नव्हते. फाटकाबाहेर गाडीत बसून मी जे पाहिलं ते पाहिलं. घरी आले, आंघोळ केली, जेवले नाही, आणि सरळ टेबलाशी जाऊन पानावर एक वाक्य लिहिलं: शहरातील घाटांवर अंत्यसंस्कारांसाठी रांगा लागत आहेत. पाठ फिरते न फिरते तोच वाक्य गायब. प्रत्येक पानाच्या मागे लिहिणाऱ्यांनी आपसात बोलायचं एक पान असतं, चर्चापान म्हणतात. तिथे त्याचा एकच शब्द होता: संदर्भ?

मी लिहिलं, "मी स्वतः पाहिले आहे."

त्यानं लिहिलं, "आपण पाहिलेत यावर माझा विश्वास आहे. वाचकाने का ठेवावा?"

मी लॅपटॉप आपटून बंद केला. आई तांदूळ निवडत होती. काय झालं म्हणून विचारलं तर मी सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. आमचं घर बौद्ध. छप्पन साली दीक्षाभूमीवर माझे आजोबा आईला खांद्यावर बसवून गेले होते, ती तेव्हा एवढीशी पोर. त्या गर्दीतलं तिला काहीच आठवत नाही, पांढरं पांढरं दिसत होतं तेवढं आठवतं. पण आजोबांनी तिथून घरी आणलेली एक गोष्ट तिनं जन्मभर सांभाळली. कोणी सांगतं म्हणून मानायचं नाही, आपण स्वतः यायचं, पाहायचं, मग मानायचं. तिनं तांदळातून मान वर केली. "भगवंत सांगते या अन् पाहा. अन् तुमचा तो बाभूळ म्हणते, पाह्यलेलं चालत नाही. मंग तुमचं ते पान कोणाचं आय वं?"

याचं उत्तर मिळालं ते पुढच्या सकाळी. वर्तमानपत्रात घाटांवरच्या रांगांची बातमी आली होती, वार्ताहराच्या नावासकट, फोटोसकट. मी ती घेऊन पान उघडलं तर माझं वाक्य आधीच परत येऊन बसलेलं. शब्द न् शब्द माझाच, शेवटी बातमीचा आधार जोडलेला, आणि चर्चापानावर त्याची नोंद: आता चालेल. म्हणजे सकाळी उठून यानं माझं वाक्य आठवलं होतं, पेपरात त्याचा आधार शोधला होता आणि ते जिथल्या तिथे नेऊन ठेवलं होतं. मी आईला म्हटलं, पाहायचं तर आहेच गं, पण कळमेश्वरच्या मावशीनं मला कुठं पाहिलं? मी कोण हे तिला माहीत आहे, बाकीच्यांना नाही. त्यांना जाऊन पाहता येईल अशी एक जागा आपण दाखवून द्यायची, एवढंच त्याचं म्हणणं. आईनं पुन्हा तांदळात मान घातली. "मंग तसं सांग ना. रागानं काहून बोलते तो?" त्याच्या रागाबद्दल तिचं मत पुढेही बदललं नाही.

आम्हा मूठभरांना जोडणारा दुवा म्हणजे मोहरील सर. जुन्या महाल वस्तीत राहतात. भोसल्यांच्या काळापासून लेखणीवर जगलेलं त्यांचं घराणं, ते स्वतः सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. टोपणनावाचा त्यांना तिटकारा, ज्ञानकोशातही ते मोहरील म्हणूनच लिहितात आणि फोन नंबर मागून घेऊन सगळ्यांशी बोलतात. बाभळीकडे त्यांनी नंबर मागितला होता, त्यानं "कशासाठी?" असं विचारल्यावर सरांनी नाद सोडला. हळव्या मनाचा माणूस. रोगाच्या नावापासून उपचारापर्यंत प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायची त्यांना हौस. व्हेंटिलेटरला त्यांनी चार नावं सुचवली, बाभळीनं चारही खोडली. मग सर मला फोन करायचे, "रजनीताई, हा माणूस आहे का मशीन हो? इसको दिल-विल है की नहीं?"

दिल-विल असल्याचा एकच पुरावा आमच्याकडे होता. नागपूरजवळ मौद्याला वीज केंद्र आहे, त्याच्या चिमणीच्या फोटोखाली कोणीतरी भलतंच गाव लिहिलं होतं. बाभळीनं ते दुरुस्त केलं आणि खाली, काय वाटलं कोणास ठाऊक, एक टीप टाकली: ही चिमणी माझ्या गच्चीवरून दिसते. बस. मोहरील सर दोन दिवस त्या वाक्यावर खूश होते.

त्या एप्रिलात कापूर आणि ओव्याची पुरचुंडी निघाली. रुमालात बांधून हुंगली की अंगातला ऑक्सिजन वाढतो, असं फोनाफोनांतून फिरत होतं. आमच्या गेटवरच्या चौकीदाराच्या गळ्यात होती, वहिनींच्या कमरेला होती, एके दिवशी आईच्या उशीखाली सापडली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हुंगलं तं बरं वाटते. बरं वाटू नये काय आता?" बरं वाटायला माझी हरकत नव्हती. हरकत ती पानावर येण्याला होती. अनोळखी लोक दिवसभर येऊन तिथे पुरचुंडी चिकटवून जायचे. ती वाचून एखादा मावशीसारखा माणूस धाप लागलेली असताना दवाखान्यात जायचं सोडून रुमाल हुंगत बसला असता. बाभूळ ती काढायचा. पुन्हा यायची, पुन्हा काढायचा. न चिडता, न दमता, प्रत्येक वेळी तेच दोन शब्द. मीही काढायला लागले. आम्ही कधी ठरवलं नाही, पण सकाळ त्याची आणि दुपार माझी अशी वाटणी झाली. सकाळी तास संपवून मी पान उघडायचे तर तो झाडून-पुसून गेलेला असायचा. ज्याचं नाव माहीत नाही अशा माणसाच्या हाताची मला सवय झाली.

आणि एके सकाळी त्यानं पुरचुंडी काढली, तेव्हा बदलाखाली लिहायच्या टिपेत नेहमीचे दोन शब्द नव्हते. लिहिलं होतं: आज कूलरचा वास येत नाही. बाकी उद्या.

आमच्यातल्या पुण्याच्या, कोल्हापूरच्या लोकांना त्यात काही कळलं नाही. एकानं विचारलंही, कूलरला कसला वास? मोहरील सरांना आणि मला एकदम कळलं. सरांचा फोन आला तेव्हा ते नुसते "वाचलं ना?" म्हणाले. मी म्हटलं, वाचलं.

उद्या आला आणि बाभूळ आला नाही. परवा नाही. त्या आठवड्यात नाही. जगात काय काय घडत होतं, माणसं खाटांसाठी वणवण फिरत होती, आणि मी सकाळी तास घेता घेता एका बाजूला ज्ञानकोशातल्या ताज्या बदलांचं पान उघडून त्यात एक नाव शोधत होते. नावही खरं नाही. दुःख करायला माणसाचा चेहरा लागतो, निदान आवाज तरी. माझ्याकडे काय होतं? कंसातले दोन शब्द.

आई म्हणाली, मौद्याले आपली कुसुम राहते, तिले विचार. कुसुमताई लांबच्या नात्यातली. मी फोन लावला, तब्येतपाणी झालं, मग विचारलं, "एका माणसाचा पत्ता काढायचा होता. नाव माहीत नाही. पण त्याच्या गच्चीवरून वीज केंद्राची चिमणी दिसते."

कुसुमताई म्हणाली, "रजू, मौद्यात चिमणी कोणाच्या गच्चीवरून दिसत नाही ते विचार."

मे महिना लागला. काळ्या बुरशीची नवी बाधा आली, तिचं पान नवं. कोणीतरी लिहिलं की ती फ्रिजमधल्या कांद्यामुळे होते. मी ते वाक्य वाचलं, आणि बोटं आपोआप टाइप करून मोकळी झाली: संदर्भ? तो शब्द बाभळीचा होता. पन्हं तसंच राहिलं. आईनं पेला उचलून आत नेला.

त्याच आठवड्यात मोहरील सरांनी ते केलं. आमच्यातला कोणी गेला तर त्याच्या चर्चापानावर श्रद्धांजली लिहायची रीत आहे. सरांनी बाभळीच्या पानावर काळी चौकट केली आणि लिहिलं, आमचे सहकारी बाभूळ आपल्यातून निघून गेले. ते मराठी ज्ञानकोशाचे दीपस्तंभ होते. त्याखाली भराभर बाकीचे आले. पुण्याहून एकानं लिहिलं, अत्यंत प्रेमळ स्वभाव. कोल्हापूरहून दुसऱ्यानं लिहिलं, त्यांचा शब्द कधी कोणाला लागला नाही. ज्या माणसावर सगळे वर्षभर दात धरून होते, त्याच्यावर अशी फुलं पडत होती. मी ते सगळं पुसून टाकलं.

सरांनी परत लावलं. मी परत पुसलं. एका माणसाच्या मरणावरून दोघं असे झोंबत होतो, आणि तो मेला आहे की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी मीच फोन केला. रागातच विचारलं.

"सर, संदर्भ काय?"

"कशाचा?"

"तो गेल्याचा. कोणी सांगितलं? कुठल्या पेपरात आलं? तुम्ही पाहिलंत?"

"रजनीताई, इतके दिवस झाले. वास गेला होता त्याचा. आता काय राहिलं समजायचं?"

"बाभळीनं हे वाक्य ठेवलं असतं काय पानावर? तुम्हीच सांगा."

पलीकडून त्यांच्या घरातल्या कूलरचा आवाज येत राहिला. मग सर म्हणाले, "माझे मेव्हणे गेले हो मागच्या आठवड्यात. हिचे मोठे भाऊ. जाता नाही आलं. चार ओळी लिहायला गेलो तर हात चालेना. याचं लिहायला बसलो अन् लिहून झालं." आणि थोडं थांबून, "मी रडून नाही राहिलो. घसा बसला आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्या माणसाला जवळ घ्यावंसं वाटलं. त्या उन्हाळ्यात किती जणांच्या आत असं साचून राहिलं होतं. ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यासाठी रडता आलं नाही, मग मिळेल त्याच्यासाठी रडून घेतलं. मी म्हटलं, "सर, राहू द्या तुमचं. मी नाही पुसत आता."

आईला सांगितलं तेव्हा ती वाळत घातलेल्या गव्हल्या उन्हातून आत आणत होती. परात खाली ठेवून म्हणाली, "वास येत नाही हे त्यानं सोताच सांगतलं ना? मंग येईन तवाही तोच सांगन. तवरीक दुसऱ्या कोणाचं काहून ऐकायचं?" माझी आई चौथी शिकली आहे आणि ज्ञानकोश म्हणजे काय हे तिला आजही मी नीट समजावू शकलेले नाही. पण त्या दुपारी तिचं म्हणणं मी सरळ उचललं. श्रद्धांजल्यांच्या रांगेत शेवटी एक ओळ जोडली: बाभूळ, आम्ही वाट पाहत आहोत. खाली माझी सही. थोड्या वेळानं पाहिलं तर त्याखाली मोहरील सरांनीही सही केली होती. वर त्यांचीच श्रद्धांजली, खाली त्यांचीच वाट पाहण्याची सही. ज्ञानकोशाच्या कुठल्याही नियमात हे बसत नाही, पण कोणी हरकत घेतली नाही.

मग दिवस नुसते तापत गेले. सकाळची पाळी मी करू लागले. मोहरील सर दुपारची. पुरचुंडी येत राहिली, आम्ही काढत राहिलो. रोज सकाळी आई कूलरपुढे उभी राहायची, "येते" म्हणायची, मी म्हणायचे, आणि चहा टाकता टाकता मला वाटायचं, मौद्यात कुठल्या तरी खोलीत कुठल्या तरी कूलरपुढे तो उभा असेल. असू दे. उभा असू दे. मी प्रार्थना वगैरे फारशी करत नाही, पण हे रोज मनात म्हणायचे आणि त्याची आता लाजही वाटत नाही.

नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस. नागपुरात नवतप्यात सकाळीच नळाचं पाणी कोमट येतं. मी कूलरच्या टाकीत पाइप सोडला होता, एका हातानं तो धरून दुसऱ्या हातात मोबाइल. ताज्या बदलांचं पान उघडलं. सगळ्यात वर बाभूळ. पुरचुंडी काढलेली, आणि खाली टीप: कूलरचा वास आला.

पाइप हातातून सुटला आणि खोलीभर पाणी झालं. आई धावत आली. साडी वर धरून उभी राहत म्हणाली, "काय झालं वं?"

"आई, बाभूळ आला."

"वास आला म्हणते काय?"

"हो."

"मंग पाइप उचल," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत फडकं आणायला गेली.

मी ओल्या फरशीवरच बसून मोहरील सरांना फोन लावला. त्यांनी आधीच पाहिलं होतं. हसत होते की काय करत होते ते कळेना. म्हणाले, "आता माझं ते लिखाण काढून टाकू का हो? तो वाचेल तर काय म्हणेल? तुम्ही जरा उघडून पाहा, माझी हिंमत नाही होऊन राहिली." मी त्याचं चर्चापान उघडलं. त्यानं वाचलं होतं. काढलं मात्र काहीच नव्हतं. काळी चौकट तशीच, प्रत्येक ओळ तशीच. फक्त प्रत्येक वाक्यापुढे एक कंस बसवला होता. मी सरांना वाचून दाखवू लागले. आमचे सहकारी बाभूळ आपल्यातून निघून गेले, संदर्भ हवा. ते मराठी ज्ञानकोशाचे दीपस्तंभ होते, संदर्भ हवा. अत्यंत प्रेमळ स्वभाव, संदर्भ हवा. त्यांचा शब्द कधी कोणाला लागला नाही, संदर्भ हवा. सर हसता हसता खोकायला लागले, मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, काय झालं, काय झालं. मीही हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बोटानं पान खाली खाली सरकवत होते.

सगळ्यात शेवटी माझी ओळ होती. बाभूळ, आम्ही वाट पाहत आहोत. आम्ही वाट पाहिली याला कुठल्याही पेपराचा, पुस्तकाचा आधार नव्हता. तो शोधणार तरी कुठे? मी थांबून नीट पाहिलं, पान पुन्हा उघडून पाहिलं. त्या वाक्यापुढे त्यानं कंस लावला नव्हता.